युजेन वॉर्मिंग

योहानेस युजेनियस ब्यूलो वॉर्मिंग (जन्म : ३ नोव्हेंबर १८४१, मान्डो, डेन्मार्क, मृत्यू : २ एप्रिल १९२४, कोपनहेगन) हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सजीव आणि त्यांच्या भोवतालची परिस्थिती यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या परिस्थितिविज्ञान (इकॉलॉजी) या शाखेच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. वनस्पतींच्या परिस्थितिविज्ञानावरील त्यांचा १८९५ सालचा ग्रंथ हा या विषयाचा पहिला पाठ्यग्रंथ मानला जातो. ब्राझीलमधील उष्ण प्रदेशाची गवताळ राने आणि ग्रीनलंडचे बर्फाळ किनारे ही दोन टोके स्वतः पाहून त्यांनी एकच प्रश्न आयुष्यभर अभ्यासला : वनस्पतीचे रूप आणि तिचा जीवनक्रम तेथील हवामानाशी कसा बांधलेला असतो? आर्क्टिक प्रदेश वेगाने तापत असताना तेथील रानफुलांचे काय होणार, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या नोंदी आजही उपयोगी पडतात.

वॉर्मिंग हे त्यांचे डॅनिश आडनाव आहे. तापमानवाढ या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाशी त्याचे असलेले साम्य हा केवळ योगायोग होय.

बालपण आणि शिक्षण

वॉर्मिंग यांचा जन्म डेन्मार्कच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळील मान्डो या लहानशा बेटावर झाला. त्यांचे वडील येन्स वॉर्मिंग हे तेथील ल्युथरपंथीय चर्चचे धर्मोपदेशक होते. युजेन हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. ते अवघे तीन वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आई त्यांना घेऊन पूर्व जटलंडमधील वायले येथे आपल्या भावाकडे राहावयास गेली. मान्डो बेटाभोवतीचा समुद्र उथळ असून ओहोटीच्या वेळी चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. वाळूच्या टेकड्या, खारट जमीन आणि सतत वाहणारा वारा अशा या प्रदेशातील वनस्पतिजीवनावर वॉर्मिंग यांनी पुढे उतारवयात सविस्तर लेखन केले.

त्यांचे शालेय शिक्षण रिबे येथील जुन्या कॅथीड्रल शाळेत झाले. १८५९ साली त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. तथापि, पदवी पूर्ण होण्याआधीच त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

ब्राझीलमधील वास्तव्य

पीटर विल्हेल्म लुंड हे डॅनिश जीवाश्मशास्त्रज्ञ ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील लागोआ सांता या गावी स्थायिक झाले होते. तेथील चुनखडीच्या गुहांतील नामशेष प्राण्यांच्या अवशेषांवरील संशोधनामुळे त्यांची ख्याती होती. त्यांना लेखनिक हवा होता. हे काम स्वीकारून वॉर्मिंग १८६३ साली ब्राझीलला गेले आणि १८६६ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे, तेथे राहिले.

लेखनिकाच्या कामातून मिळणारा वेळ त्यांनी गावाच्या परिसरातील वनस्पती गोळा करण्यात घालविला. हा प्रदेश आज सेराडो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवताळ, विरळ वृक्षांच्या रानांचा आहे. पावसाळा आणि दीर्घ कोरडा ऋतू असे तेथील वर्षाचे दोन भाग पडतात. कोरड्या ऋतूत ही राने वारंवार वणव्यात सापडतात. एकाच गावाभोवती इतका प्रदीर्घ काळ राहिल्यामुळे वनस्पतींचा संपूर्ण वर्षाचा क्रम त्यांना पाहता आला. कोणती झाडे केव्हा पालवतात, कोणती केव्हा फुलतात, वणव्यानंतर जमिनीखालील खोडांतून पुन्हा अंकुर कसे फुटतात, याकडे त्यांचे लक्ष राहिले. त्या काळातील बहुतेक संग्राहक प्रवासी एका ठिकाणी काही दिवस थांबून पुढे जात. त्यांना हे पाहण्याची संधी क्वचितच मिळे.

या संग्रहात वाहिनीवंत वनस्पतींच्या सुमारे २,६०० जाती होत्या. त्यांपैकी शेकडो जाती विज्ञानाला तोवर अज्ञात होत्या. अनेक देशांतील तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांचे वर्णन प्रसिद्ध करण्याचे काम पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालले. लागोआ सांताच्या वनस्पतिजीवनावरील त्यांचा ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातील एका ठरावीक स्थळाच्या परिस्थितिविज्ञानाचा आरंभीचा नमुना म्हणून तो ओळखला जातो.

संशोधन आणि अध्यापन

युरोपात परतल्यावर वॉर्मिंग यांनी म्यूनिक येथे मार्टियस, नेगेली आणि राडलकोफर यांच्या हाताखाली एक वर्ष अभ्यास केला. १८७१ साली ते बॉन येथे हान्स्टाइन यांच्याकडे गेले. त्याच वर्षी त्यांनी कोपनहेगन येथे डॉक्टरेट मिळविली. युफोर्बिया कुलातील पेल्यासारखी रचना हे एक फूल आहे की अनेक फुलांचा गुच्छ, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. महाराष्ट्रात परिचित असलेले शेर आणि त्रिधारी निवडुंग याच कुलातील होत. ही रचना म्हणजे एक पुष्पविन्यास आहे, असे आज सर्वमान्य आहे.

त्यानंतर काही वर्षे कोपनहेगन येथे अध्यापन केल्यावर १८८२ साली वॉर्मिंग स्टॉकहोमच्या नव्या उच्च विद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८५ साली ते मायदेशी परतले आणि कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक व तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक झाले. ३१ डिसेंबर १९१० रोजी निवृत्त होईपर्यंत ही दोन्ही पदे त्यांच्याकडे होती. १९०७-०८ या वर्षी ते विद्यापीठाचे रेक्टरही होते.

अध्यापनाची त्यांना मनापासून आवड होती. वर्गीकरणात्मक आणि सामान्य वनस्पतिशास्त्रावरील त्यांची पाठ्यपुस्तके अनेक भाषांत अनुवादित झाली. विद्यार्थ्यांना घेऊन ते वाळूच्या टेकड्या, दलदली, हीथची माळराने आणि जंगले यांच्या अभ्याससहली काढीत. वाळवून कागदावर चिकटविलेल्या नमुन्यावरून वनस्पतीचे नाव कळते. ती कशी जगते हे मात्र तिच्या जागी जाऊनच कळते, अशी त्यांची धारणा होती.

१८८४ साली त्यांनी वनस्पतींच्या प्ररोहांची रचना, त्यांचे हिवाळ्यातील टिकून राहणे आणि नव्याने वाढणे यांविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. प्रतिकूल ऋतूत वनस्पतीचा जिवंत अंकुर कोठे आणि कशाच्या आश्रयाने राहतो, या प्रश्नावर त्यात भर होता. कोपनहेगन येथील त्यांच्या अध्यासनावर पुढे आलेले क्रिस्टेन राउंकिएर यांनी अंकुरांच्या स्थानावर आधारलेली वनस्पतींच्या जीवरूपांची पद्धती मांडली. ती आजही महाविद्यालयांत शिकविली जाते.

ग्रीनलंडची सफर

याच १८८४ सालच्या उन्हाळ्यात वॉर्मिंग डॅनिश नौदलाच्या फिला या जहाजातून ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. पुढील वर्षी त्यांनी नॉर्वेच्या उत्तरेकडील फिनमार्क प्रदेशास भेट दिली. ब्राझीलमध्ये वनस्पतींची गाठ दुष्काळ आणि वणवा यांच्याशी होती. येथे ती थंडी, वारा आणि अतिशय आखूड उन्हाळा यांच्याशी होती. या सफरीचे फलित म्हणजे १८८८ साली प्रसिद्ध झालेला ग्रीनलंडच्या वनस्पतिजीवनावरील त्यांचा ग्रंथ.

जातींची केवळ यादी देण्याऐवजी त्यांनी या ग्रंथात वनस्पतींच्या वस्त्यांचे वर्णन केले. आडोशाच्या दऱ्यांतील विलोची झुडपे, ओलसर उतारांवरील फुलझाडे, खुरट्या सदाहरित झुडपांचे हीथ, किनाऱ्यावरील वनस्पती आणि मानवी वस्तीलगतच्या खतावलेल्या जमिनीवरील गवत असे वेगवेगळे समूह त्यांनी ओळखले. जेथे झाडे इतकी विरळ असतात की जमिनीचा रंग त्यांच्यामुळे नव्हे, तर दगडमातीमुळे ठरतो, अशा उघड्या खडकाळ माळालाही त्यांनी स्वतंत्र समूहाचे स्थान दिले. त्यासाठी त्यांनी योजलेली डॅनिश संज्ञा वनस्पतिभूगोलात रूढ झाली.

आर्क्टिक रानफुलांविषयी त्यांनी नोंदविलेल्या गोष्टींपैकी पुढील विशेष महत्त्वाच्या होत.

पहिली गोष्ट कळ्यांची. ग्रीनलंडमध्ये बर्फ वितळताच काही दिवसांत फुले उमलतात. हे शक्य होते, कारण अनेक जातींच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात आणि हिवाळाभर बर्फाच्या पांघरुणाखाली सुरक्षित राहतात. म्हणजेच एखाद्या वर्षीचा बहर त्या वर्षीच्या उन्हाळ्याइतकाच मागील उन्हाळ्यावरही अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट आयुष्याची. बीजापासून बीजापर्यंतचा प्रवास एकाच आखूड उन्हाळ्यात पूर्ण करणे कठीण असल्यामुळे तेथे वर्षायू वनस्पती फारच थोड्या आहेत. बहुतेक वनस्पती बहुवर्षायू आहेत. त्या हळूहळू वाढतात आणि जमिनीलगत उशीसारखे दाट झुबके किंवा चटया करून राहतात. जमिनीलगतच्या हवेत उष्णता टिकते आणि वाऱ्याचा मारा कमी बसतो.

तिसरी गोष्ट परागणाची. आर्क्टिकमध्ये कीटकांची विविधता कमी आहे. तेथील अनेक फुलांची रचना वॉर्मिंग यांनी बारकाईने तपासली. दक्षिणेत कीटकांवर विसंबून राहणाऱ्या काही जाती येथे स्वपरागणाकडे अधिक झुकलेल्या त्यांना आढळल्या. काही वनस्पती बीजांवर फारशी भिस्त न ठेवता धावती खोडे किंवा फुलांच्या जागी येणाऱ्या लहान कंदिका यांच्या साहाय्याने वाढतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

नाथोर्स्ट यांच्याशी वाद

ग्रीनलंडची फुले मुळात तेथे आली कोठून, या प्रश्नावरून वॉर्मिंग आणि स्वीडिश पुरावनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड नाथोर्स्ट यांच्यात मोठा वाद झाला. हिमयुगात ग्रीनलंडचा बहुतांश भाग जाड बर्फाखाली होता. तरीही काही डोंगरशिखरे आणि किनारपट्ट्या उघड्या राहिल्या असाव्यात आणि तेथील वनस्पतींचा गाभा त्या जागी तग धरून राहिला असावा, असे वॉर्मिंग यांचे मत होते. उरलेल्या जाती वारा, समुद्रप्रवाह आणि पक्षी यांच्याबरोबर नंतर आल्या असाव्यात, असे त्यांना वाटे. याउलट, हिमयुगाने जवळजवळ सर्व वनस्पती नष्ट केल्या आणि आजच्या जाती त्यानंतर अमेरिका व युरोप या दोन्ही बाजूंनी आल्या, असे नाथोर्स्ट यांचे प्रतिपादन होते.

त्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर या वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते. अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासांनी वादाचा तोल नंतरच्या आगमनाच्या बाजूने झुकविला आहे. स्वालबार्ड द्वीपसमूहावरील वनस्पतींच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनेक जाती शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून तेथे पुन्हापुन्हा पोहोचल्याचे दिसून आले. काही थोड्या जाती मात्र बर्फमुक्त आश्रयस्थानी टिकल्या असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारलेली नाही.

हा वाद केवळ भूतकाळापुरता नव्हता. हवामान बदलले असता वनस्पतीपुढे तीन वाटा असतात : आहे तेथेच तग धरणे, दुसरीकडे जाणे किंवा नष्ट होणे. वॉर्मिंग यांनी पहिल्या वाटेवर आणि नाथोर्स्ट यांनी दुसऱ्या वाटेवर भर दिला होता. आजच्या तापमानवाढीत कोणती जाती कोणत्या वाटेने जाईल, हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला आहे.

वनस्पतिसमुदाय आणि परिस्थितिविज्ञान

परिस्थितिविज्ञानासाठीची मूळ संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली घडविली. मात्र तिच्यामागे अभ्यासाची निश्चित चौकट उभी राहण्यास आणखी तीन दशके लागली. कोपनहेगन येथील व्याख्यानांच्या आधारे वॉर्मिंग यांनी वनस्पतिसमुदाय या अर्थाच्या डॅनिश नावाचा ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्याचा जर्मन अनुवाद निघाला. १९०९ साली विस्तारित इंग्रजी आवृत्ती प्रकाशित झाली.

त्यापूर्वीचा वनस्पतिभूगोल प्रामुख्याने कोणती जाती कोठे आढळते हे सांगत असे. वॉर्मिंग यांनी ती तेथेच का आढळते, हा प्रश्न मध्यभागी आणला. प्रकाश, उष्णता, पाणी, वारा, जमीन, बर्फाचे आवरण आणि इतर सजीव यांचा वनस्पतीवर कसा परिणाम होतो, याची त्यांनी क्रमवार मांडणी केली. निरनिराळ्या खंडांतील, परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पती सारख्या परिस्थितीत सारखे रूप धारण करतात, हे त्यांनी ठिकठिकाणच्या उदाहरणांनी दाखविले. पाण्याशी असलेल्या संबंधावरून त्यांनी समुदायांचे जलोद्भिद, मरुद्भिद, लवणोद्भिद आणि मध्योद्भिद असे चार वर्ग केले. महाराष्ट्रातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे वर्ग परिचित असतात.

या ग्रंथाचा प्रभाव दूरवर पडला. अमेरिकेत हेन्री काउल्स यांनी मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास त्याच्या प्रेरणेने केला. ब्रिटनमध्ये आर्थर टॅन्सली यांची पिढी या ग्रंथाच्या जर्मन आवृत्तीवर वाढली. वॉर्मिंग यांनी फेरो बेटे आणि आइसलंड यांच्या वनस्पतींवरील बृहद्ग्रंथांच्या संपादनातही प्रमुख वाटा उचलला. त्यांचे विद्यार्थी मॉर्टेन पोर्सिल्ड यांनी १९०६ साली ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर आर्क्टिक संशोधन केंद्र स्थापन केले. हे केंद्र आज कोपनहेगन विद्यापीठाकडे आहे.

उत्क्रांतीविषयक मत

वॉर्मिंग यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत स्वीकारला होता. तथापि, वनस्पतीचे परिस्थितीशी जुळते रूप प्रामुख्याने नैसर्गिक निवडीतून घडते, हे त्यांना पटले नाही. परिस्थिती वनस्पतीत थेट बदल घडवून आणते आणि ते बदल पुढील पिढ्यांत उतरतात, या लामार्कच्या विचाराकडे त्यांचा कल राहिला. त्या काळी अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ याच मताचे होते. आनुवंशिकीच्या विकासानंतर हे मत मागे पडले.

वॉर्मिंग यांच्या नोंदींचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु त्या वाचताना हा फरक ध्यानी घ्यावा लागतो. एखादे रोप उष्ण उन्हाळ्यात उंच वाढते किंवा लवकर फुलते, तेव्हा ते आपल्या अंगभूत लवचीकतेच्या मर्यादेत प्रतिसाद देत असते. जातीत स्थायी बदल होण्यासाठी पिढ्यानुपिढ्या निवड घडावी लागते. आर्क्टिकमधील अनेक वनस्पती दशकानुदशके जगतात आणि बीजांपासून क्वचितच नवी रोपे धरतात. त्यांच्या पिढ्या सावकाश बदलतात. हवामान मात्र झपाट्याने बदलत आहे. परिस्थितीनुसार वनस्पती थेट आणि कायमची बदलते, हे वॉर्मिंग यांचे गृहीतक खरे असते, तर या फुलांविषयी आज वाटणारी काळजी पुष्कळ कमी झाली असती.

कौटुंबिक जीवन आणि अखेरची वर्षे

१८७१ साली वॉर्मिंग यांचा विवाह योहाने मार्ग्रेथे येस्पर्सन यांच्याशी झाला. या दांपत्याला आठ अपत्ये झाली. त्यांचे पुत्र येन्स वॉर्मिंग हे अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. सर्वांना मुक्त असलेल्या मासेमारीच्या क्षेत्रात मर्यादेपलीकडे मासेमारी का होते, याचे आर्थिक विश्लेषण त्यांनी १९११ साली मांडले. सामाईक साधनसंपत्तीच्या अभ्यासातील ते आरंभीचे लेखन समजले जाते.

निवृत्तीनंतरही वॉर्मिंग यांचे काम थांबले नाही. डेन्मार्कचा समुद्रकिनारा, वाळूच्या टेकड्या आणि जंगले यांच्या वनस्पतिजीवनावरील त्यांची ग्रंथमाला १९०६ ते १९१९ या काळात प्रसिद्ध झाली. कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानच्या संचालक मंडळावर त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले.

आर्क्टिक फुलांचा विषयही त्यांनी सोडला नव्हता. आर्क्टिक सपुष्प वनस्पतींची रचना आणि जीवनक्रम या विषयावरील लेखमाला त्यांच्या पुढाकाराने १९०८ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी त्यांनी स्वतः हीथ वर्गातील वनस्पतींवर १९०८ साली, सॅक्सिफ्रागा कुलावर १९०९ साली आणि कारनेशनच्या कुलावर १९२० साली लेखन केले. शेवटचा भाग प्रकाशित झाला त्या वर्षी त्यांनी वयाची एकोणऐंशी वर्षे पूर्ण केली. २ एप्रिल १९२४ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. तेथील असिस्टेन्स दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वॉर्मिंग यांची निरीक्षणे आणि आजचे आर्क्टिक

१९७९ नंतरच्या काळात आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ईशान्य ग्रीनलंडमधील झॅकेनबर्ग येथे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून फुलांच्या बहराची नियमित नोंद ठेवली जाते. तेथे कॅसिओपे, सॅक्सिफ्रागा, सायलीन, ड्रायस, आर्क्टिक खसखस आणि आर्क्टिक विलो या सहा प्रकारच्या वनस्पतींवर लक्ष ठेवले जाते. यांपैकी पहिल्या तीन वनस्पती वॉर्मिंग यांनी स्वतः लिहिलेल्या तीन भागांतील कुलांच्या होत. त्यांनी ओळखलेले फुलांचे आधार आज एकामागून एक कसे बदलत आहेत, हे या नोंदींवरून दिसते.

पहिला आधार बर्फाचा. १९९६ ते २००५ या दहा वर्षांत झॅकेनबर्ग येथील वनस्पती, कीटक आणि पक्षी यांच्या वसंतकालीन घटना सरासरी १४.५ दिवसांनी अलीकडे सरकल्या. त्याचे मुख्य कारण बर्फ लवकर वितळणे हे होते. मात्र हा कल सरळ रेषेत पुढे गेला नाही. पंचवीस वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्या असता एकाच दिशेचा बदल फारसा उरला नसल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याऐवजी वर्षावर्षांतील चढउतार मोठे होते. २०१८ साली तेथे इतका बर्फ साठला आणि तो इतका उशिरा वितळला, की बहुतेक वनस्पती व प्राण्यांचे त्या वर्षीचे पुनरुत्पादन जवळजवळ पूर्णपणे फसले. उष्ण होत जाणारी हवा अधिक बाष्प वाहून नेते. त्यामुळे तापमानवाढीच्या काळातही एखाद्या हिवाळ्यात अतिरिक्त बर्फ पडू शकतो.

दुसरा आधार बर्फाखालील कळ्यांचा. हिवाळ्यात मध्येच काही दिवस उष्ण हवा आली, की बर्फाचे पांघरूण वितळते आणि त्यानंतरच्या कडाक्याच्या थंडीत उघडे अंकुर गोठतात. उत्तर स्कँडिनेव्हियात अशा प्रसंगांनंतर खुरट्या सदाहरित झुडपांचे मोठे नुकसान झाल्याचे दिसून आले आहे. कळ्या आदल्या वर्षी घडत असल्यामुळे एका वाईट ऋतूचा परिणाम पुढील उन्हाळ्यापर्यंत पोहोचतो.

तिसरा आधार कीटकांचा. झॅकेनबर्ग येथे बहराचा एकूण काळ आखूड होत गेल्याचे आणि त्याच काळात फुलांना भेट देणाऱ्या कीटकांची संख्या घटल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविले आहे. तेथील परागणाचे काम मुख्यतः माशांच्या मोजक्या जाती करतात. स्वपरागण करू शकणाऱ्या वनस्पतींना या घटीची झळ कमी पोहोचेल. परपरागणावर अवलंबून असणाऱ्या ड्रायससारख्या वनस्पतींना ती अधिक पोहोचेल. कोणत्या फुलाला कीटकांची गरज आहे आणि कोणते फूल त्यांच्यावाचून निभावून नेऊ शकते, याची वॉर्मिंग यांनी केलेली छाननी येथे थेट उपयोगी ठरते.

चौथा आधार म्हणजे मोकळी, उजेडाची जागा. १९९० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात निरनिराळ्या देशांतील संशोधक जमिनीच्या लहान तुकड्यांभोवती वरून उघडे पारदर्शक कक्ष उभारतात. त्यामुळे आतील हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहते. अशा कक्षांत अनेक जाती लवकर फुलतात, वनस्पतींची उंची वाढते आणि झुडपांचे प्रमाण वाढते. शेवाळे आणि दगडफुले मात्र घटतात. कक्षांबाहेरही टुंड्राच्या अनेक भागांत झुडपे पसरत आहेत. जमिनीलगत राहून थंडी चुकविणाऱ्या उशीसारख्या वनस्पतींवर उंच झुडपांची सावली पडली, की पूर्वी त्यांना तारणारे ठेंगणे रूपच त्यांच्या गैरसोयीचे ठरते. उत्तरेकडे सरकावे तर तेथे समुद्र आहे आणि उंचावर चढावे तर डोंगराला शिखर आहे.

सन्मान आणि स्मृती

ऑर्किड कुलातील वॉर्मिंजिया या दक्षिण अमेरिकी प्रजातीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे त्यांचा उल्लेख वॉर्म. या संक्षेपाने केला जातो. वेगवान प्रवाहातील खडकांना चिकटून राहणाऱ्या पोडोस्टेमेसी कुलाचे ते अधिकारी अभ्यासक होते. पश्चिम घाटातील नद्यांत आढळणाऱ्या ग्रिफिथेला या प्रजातीच्या शास्त्रीय नावापुढेही हा संक्षेप लागतो. वॉर्मिंग भारतात कधी आले नसले, तरी त्यांच्या नावाची खूण सह्याद्रीच्या प्रवाहांतील या वनस्पतींवर राहिली आहे.